ट्यूनाच्या गळाला लागलेले शार्क : उशिरा आलेल्या नियमांची पार्श्वभूमी

ट्यूना पकडणाऱ्या जहाजांच्या नोंदींत शार्कची जातवार मोजणी दीर्घकाळ क्वचितच होत असे; ‘शार्क’ किंवा ‘इतर’ एवढ्यावर काम भागे. ज्या आंतरराष्ट्रीय आयोगांकडे या मासेमारीचे नियमन सोपवले गेले, त्यांची स्थापनाही ट्यूनासाठीच झाली होती. अटलांटिकमधील ट्यूना आयोगाचा करार 1966 चा आहे आणि खुल्या समुद्रातील शार्क व त्यांच्या जवळचे मासे त्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत आणणारी दुरुस्ती 2019 मध्ये मंजूर झाली. शार्क-संरक्षणाचा पुढचा बहुतेक इतिहास या दुय्यम स्थानातूनच घडला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मच्छीमार जहाजांवर घातलेली सागरी हद्दीची बंधने 1952 मध्ये उठली आणि दशक संपण्यापूर्वीच त्यांची लाँगलाइन मासेमारी हिंदी महासागर आणि अटलांटिकपर्यंत पोहोचली. या पद्धतीत मुख्य दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो आणि त्याला आमिष लावलेले हजारो गळ लटकत असतात. ज्या पाण्यात ट्यूना असतो त्याच पाण्यात निळा शार्क, माको, रेशमी शार्क आणि पांढऱ्या टोकाच्या परांचा महासागरी शार्कही भक्ष्य शोधत फिरतात, त्यामुळे गळाला कोण लागेल हे ठरवणे कोणाच्याच हाती नसते. ट्यूनाची मादी लाखो अंडी सोडते. महासागरी शार्कची मादी सुमारे वर्षभराच्या गर्भधारणेनंतर साधारण पाच-सहा पिलांना जन्म देते. एकच गळ या दोघांना सारखा परवडणारा नव्हता.

परांच्या सूपाची मागणी वाढली तसा शार्कच्या परांना मोठा भाव येऊ लागला. मांसाला मात्र किंमत कमी होती. शीतगृहातील जागा ट्यूनासाठी राखायची असल्याने पर कापून उरलेला शार्क, अनेकदा जिवंतच, समुद्रात फेकला जाई. या क्रूरतेविरुद्ध लोकमत तयार झाले आणि पहिले नियमही त्याच दिशेने आले : अमेरिकेचा 2000 चा कायदा, युरोपीय संघाचा 2003 चा नियम आणि अटलांटिक आयोगाचा 2004 चा निर्णय. त्या निर्णयानुसार जहाजावरील परांचे वजन शार्कच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हे प्रमाण जाती आणि कापण्याच्या पद्धतीनुसार बदलत असल्याने पळवाट राहिलीच. पर शरीराला जोडलेल्या अवस्थेतच बंदरात आणावेत, असा सरळ नियम युरोपीय संघाने 2013 मध्ये केला. तरीही हा नियम शार्क जहाजावर आल्यानंतरचाच आहे. शार्क गळाला लागूच नये म्हणून त्यात काहीच नाही.

मोठ्या वेढाजाळ्यांची म्हणजे पर्ससीनची कथा वेगळी आणि काहीशी विपरीत आहे. पूर्व प्रशांत महासागरात डॉल्फिनच्या थव्याखाली पोहणारा ट्यूना घेरताना डॉल्फिन मोठ्या संख्येने मरत. 1990 मध्ये अमेरिकेतील बड्या डबाबंद ट्यूना कंपन्यांनी असा मासा नाकारला, तेव्हा अनेक जहाजे, मासे गोळा व्हावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तरंगत्या तराफ्यांभोवती जमणाऱ्या माशांकडे वळली. अशा तराफ्यांच्या सावलीत कोवळे रेशमी शार्कही गोळा होतात. डॉल्फिनला मिळालेल्या दिलाशाची किंमत काही अंशी शार्कने मोजली, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरू नये. पुढे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक बाब उघड केली : तराफ्याखाली लोंबणाऱ्या जुन्या जाळ्यांत अडकून एकट्या हिंदी महासागरात दरवर्षी सुमारे 4.8 ते 9.6 लाख रेशमी शार्क मरत असावेत, असा तो अंदाज होता. हे मृत्यू जहाजावर दिसत नसल्याने कोणत्याही नोंदीत येत नव्हते. न अडकवणाऱ्या तराफ्यांचे नियम त्यानंतरच आयोगांनी टप्प्याटप्प्याने लागू केले.

दरम्यान संकटग्रस्त जाती जहाजावर ठेवण्यास बंदी आली. अटलांटिकमध्ये महासागरी शार्कसाठी ती 2010 मध्ये आणि रेशमी शार्कसाठी 2011 मध्ये झाली. 2013 मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली महासागरी शार्कच्या व्यापारावरही नियंत्रण आणण्याचे ठरले. 2021 मधील एका जागतिक अभ्यासानुसार 1970 पासून खुल्या समुद्रातील सर्व जातींच्या शार्क आणि रे माशांची संख्या 71 टक्क्यांनी घटली होती. पण बंदीने सुटका होतेच असे नाही. वेढाजाळ्याच्या तळाशी टनावारी माशांखाली दबलेला रेशमी शार्क डेकवर येईपर्यंत बहुधा मेलेला किंवा मरणासन्न असतो, कारण पोहणे थांबले की त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहणेही थांबते. मेलेला शार्क नियमाप्रमाणे समुद्रात परत टाकला, तरी त्याने शार्क वाचत नाही.

म्हणून अलीकडे लक्ष साधनांकडे वळले आहे. गळाजवळचा दोर पोलादी तारेचा असेल तर शार्कला तो चावून सुटता येत नाही. नायलॉनचा असेल तर पुष्कळदा येते. तरंगत्या फुग्यांना थेट बांधलेल्या उथळ दोऱ्या तर शार्कसाठीच असतात. पश्चिम व मध्य प्रशांत महासागराच्या आयोगाने 2022 मध्ये 20 अंश उत्तर ते 20 अंश दक्षिण या पट्ट्यात ट्यूनाच्या लाँगलाइन जहाजांना या दोन्ही गोष्टी निषिद्ध केल्या, आणि 2024 पासून तो नियम लागू झाला. मात्र त्याच आयोगाने लाँगलाइनसाठी निरीक्षकांच्या उपस्थितीचे किमान प्रमाण 5 टक्केच ठेवले आहे, म्हणजे बहुतेक फेऱ्यांत गळाला तार आहे की नायलॉन, हे जहाजावरील माणसांखेरीज पाहणारे कोणी नसते.