मर्ल ओबेरॉन टास्मानियाची नव्हे, मुंबईची

ब्रिटिश चित्रपटांची तारका मर्ल ओबेरॉन ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर जन्मली, ही माहिती आजही अधूनमधून वाचायला मिळते. ती खोटी आहे. तिचा जन्म 1911 साली मुंबईत झाला, लहानपण पुढे कलकत्त्यात गेलं. घरची मंडळी अँग्लो-इंडियन, परिस्थिती बेताची.

टास्मानियाची गोष्ट 1930च्या दशकात प्रसिद्धीसाठी रचली गेली. निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने 1933मध्ये आठव्या हेन्री राजावरच्या चित्रपटात तिला त्याची राणी अ‍ॅन बोलीन हिची छोटी भूमिका दिली आणि ती प्रकाशात आली. 1935च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्कर नामांकनही मिळालं. पण मिश्र वंशाच्या मुलीला नायिका म्हणून स्वीकारायची त्या काळच्या चित्रसृष्टीची तयारी नव्हती. म्हणून कुणाला सहज पडताळता येणार नाही असं दूरचं बेट निवडलं.

या खोट्याची खरी किंमत घरात मोजली गेली. जिला ती आई म्हणायची ती शार्लट सेल्बी प्रत्यक्षात तिची आजी होती. जन्मदाती कॉन्स्टन्स ही शार्लटचीच कोवळ्या वयातली मुलगी. सावळ्या शार्लटची ओळख लंडनमध्ये पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं सांगतात. हे वाचून मला मर्लचा राग येत नाही, तिला लपायला लावणाऱ्यांचा येतो.

1979मध्ये ती गेली, तोवर तिने हे कधीच जाहीर केलं नाही. मुंबईतल्या जन्माचा दाखला मात्र उपलब्ध आहे.