अमेरिकेतली फ्लाइंग स्कूल निवडताना: डीजीसीएच्या सीपीएलपासून उलटा हिशेब

बारावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. 'पोराला पायलट व्हायचंय, अमेरिकेतली शाळा बघितलीय, भरू का पैसे?' मी उलट दोनच गोष्टी विचारतो. क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) झालंय का? डीजीसीएचा, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर काढलाय का? बहुतेकदा दोन्हींचं उत्तर 'नाही' असतं, आणि शाळेला आगाऊ रक्कम मात्र परवा पाठवायची असते.

मुलगा किंवा मुलगी शिकणार फ्लोरिडात, पण नोकरी भारतातल्या विमान कंपनीत करायची असेल तर शेवटचा अर्ज जातो डीजीसीएकडे. तिथे एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा, परवाना आणि लॉगबुक (उड्डाणतासांची नोंदवही) तपासून भारतीय सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, दिलं जातं. म्हणून शाळेची निवड तिच्या माहितीपत्रकावरून करू नका. डीजीसीएच्या अटी समोर ठेवा आणि तिथून मागे मोजत या.

निघण्याआधी

सीपीएलसाठी वय १८ पूर्ण हवं आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवं. वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी झालेली मुलं हे दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) देतात, ते चालतं. बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपल्या राज्य मंडळाच्या मुलांनी ती विभागीय मंडळातून आधीच करून ठेवावी. नावाकडेही आत्ताच बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर रचना वेगळी असते, आणि एफएएचा परवाना पासपोर्टप्रमाणे निघतो. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा जरी फरक असला तरी तो इथेच निस्तरा.

मेडिकल दोन टप्प्यांत होतं. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे आधी क्लास टू करायचं. ते डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर मंजूर होऊन पीएमआर नंबर (वैद्यकीय नोंदीचा क्रमांक) मिळाला की क्लास वन. त्यासाठी बंगळुरूची आयएएम, दिल्लीची एएफसीएमई यांसारखी हवाई दलाची केंद्रं आहेत. चष्म्याने सहसा अडत नाही, पण रंगदृष्टीत दोष निघाला तर सगळं तिथेच थांबू शकतं. अमेरिकेतल्या डॉक्टरचं एफएए मेडिकल तिथे उडायला लागतंच, पण इथे ते क्लास वनच्या जागी चालत नाही. क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला एक रुपया देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

परीक्षांसाठी कॉम्प्युटर नंबर 'परीक्षा' पोर्टलवरून मिळतो. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स हे मुख्य पेपर, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. शिवाय विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्यासाठी आरटीआर ही परीक्षा. हे पेपर देऊन गेलेला मुलगा तिथे ग्राउंडच्या अभ्यासात अडखळत नाही आणि परतल्यावर परीक्षेच्या तारखांची वाट बघत बसत नाही.

तासांचा हिशेब

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डीजीसीएला एकूण २०० तास हवेत. त्यांतले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे पीआयसी (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना), आणि त्या शंभरांतले १५ अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले. पीआयसी म्हणून २० तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून लांब दुसरीकडे), त्यात ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता) पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तास आणि इन्स्ट्रुमेंट टाइम ४० तास, त्यात सिम्युलेटर जास्तीत जास्त २०.

आता अमेरिकेकडे बघा. तिथे प्रशिक्षण दोन नियमांखाली चालतं, पार्ट ६१ आणि पार्ट १४१. पार्ट ६१ मध्ये कमर्शियलला २५० तास लागतात. पार्ट १४१ मध्ये प्रायव्हेटचे ३५, इन्स्ट्रुमेंटचे ३५ आणि कमर्शियलचे १२० असे मिळून १९० तासांत काम होतं. शाळा हे '१९० तासांत सीपीएल' म्हणून विकतात. एफएएच्या दृष्टीने ते खरं आहे. पण डीजीसीएच्या हिशेबात एकूण १० तास कमी, इन्स्ट्रुमेंटच्या कोर्समध्येही ५ कमी. शिवाय पन्नास तासांच्या पीआयसी क्रॉस-कंट्रीची अट पार्ट ६१ च्या इन्स्ट्रुमेंटला आहे, १४१ ला नाही. म्हणजे तिथेही तूट राहू शकते.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स मिळालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही विद्यार्थी स्वतः विमान हाताळत असेल तर तो वेळ पीआयसी म्हणून लिहितो. तिथल्या नियमात ते बसतं. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचा वेळ म्हणजे ड्युअल. तीच गोष्ट टाइम बिल्डिंगची, म्हणजे नुसते तास भरण्यासाठीच्या उड्डाणांची. दोन विद्यार्थी एका विमानात बसतात, एकाने बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावलेलं, दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट, आणि दोघंही तोच तास पीआयसीत लिहितात. इथे त्याच्यावर हमखास प्रश्न येतो.

माझी भाची ११८ पीआयसी तास घेऊन परतली होती. इन्स्ट्रक्टरसोबतचे वजा केल्यावर उरले ८६. राहिलेले १४ तास इथे उडायला तिला चार महिने लागले, कारण विमान मिळेना आणि पावसाळा मधे आला. शाळेने तिला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्यांच्या देशाच्या नियमाने लिहिलं. आमच्यापैकी कुणी आधी विचारलं नाही, एवढंच.

म्हणून शाळेकडून लेखी घ्या: 'डीजीसीएच्या अटींप्रमाणे सोलो आणि पीआयसीचे १०० तास, इन्स्ट्रुमेंटचे ४०, क्रॉस-कंट्रीचे ५०, यांचा तासवार आराखडा द्या.' भारतीय विद्यार्थ्यांना सरावलेली शाळा तो दोन दिवसांत पाठवते. 'इथे आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर ती शाळा सोडा.

शाळेला आणखी काय विचारायचं

विमानं किती आहेत यापेक्षा आज उडत्या अवस्थेत किती, आणि एका विमानामागे विद्यार्थी किती, हे विचारा. तिथले बरेच इन्स्ट्रक्टर १,५०० तास भरले की एअरलाइनमध्ये जातात. एका विद्यार्थ्याचे कोर्समध्ये सरासरी किती इन्स्ट्रक्टर बदलतात, हे तिथे सध्या शिकणाऱ्या मुलांकडून कळेल. शाळेने दिलेल्या दोन नंबरांवर थांबू नका, स्वतः शोधून बोला. चेकराइड, म्हणजे परवान्याची उड्डाण परीक्षा, घेणाऱ्या डीपीईची (एफएएने नेमलेल्या परीक्षकाची) तारीख मिळायला किती आठवडे जातात हेही विचारा. मुलं तयार होऊन बसतात आणि परीक्षक मिळत नाही, मग सराव तुटू नये म्हणून पुन्हा पैसे भरून उडत राहावं लागतं.

हवेचंही गणित मांडा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळं येतात, तेव्हा सकाळचे स्लॉट मिळतील का? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये सकाळी ढगांचा थर असतो. ॲरिझोनात आकाश मोकळं असतं, पण उन्हाळ्यातल्या उष्णतेने विमानाची ताकद उतरते.

आय-२०, व्हिसा, टीएसए

शाळा एसईव्हीपी-प्रमाणित (परदेशी विद्यार्थी घेण्याची अमेरिकन सरकारची मान्यता) असेल तरच ती आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशपत्र, देऊ शकते. फ्लाइंग स्कूलसाठी बहुतेकदा एम-१ व्हिसा असतो. विद्यापीठाच्या पदवीबरोबर उड्डाण शिकत असाल तर एफ-१. आय-२० आला की सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, मग व्हिसाचा डीएस-१६० अर्ज, मग मुलाखत. महाराष्ट्रातल्या मुलांना ती मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत देता येते. पासपोर्ट, आय-२०, सेव्हिसची पावती, गुणपत्रिका, मेडिकल, बँकेची कागदपत्रं किंवा कर्जमंजुरीचं पत्र जवळ ठेवा. परतून भारतात काय करणार हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. कॉम्प्युटर नंबर, क्लास वन आणि पास झालेले पेपर असतील तर त्या सांगण्याला वजन येतं.

एम-१ च्या अटी कडक आहेत आणि शाळेची निवड त्यांमुळेच जपून करावी लागते. साधारणपणे शाळा बदलायची मुभा पहिल्या सहा महिन्यांतच आहे. शिकत असताना नोकरी करता येत नाही. एम-१ चं एफ-१ मध्ये रूपांतर होत नाही. चुकीच्या शाळेत सातवा महिना उजाडला तर हातात फारसं काही उरत नाही.

याशिवाय टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, सुरक्षा तपासणी आहे. त्यांच्या पोर्टलवर खातं, कागदपत्रं, बोटांचे ठसे. मंजुरी आल्याशिवाय शाळा उड्डाणाचं प्रशिक्षण सुरू करू शकत नाही, म्हणून आय-२० आल्याबरोबर हे काम हाती घ्या.

पैसे

एकरकमी भरू नका. टप्प्याटप्प्याने भरा, परताव्याची अट लेखी घ्या. दरात इंधन धरलंय का, चेकराइडची फी वेगळी आहे का, मल्टि-इंजिनचे तास किती, हे कोटेशनमध्ये दिसलं पाहिजे. पैसे बँकेतून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवायचे. वर्षाला १० लाखांच्या वर टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

परतताना आणि परतल्यावर

तिथून निघण्याआधी लॉगबुकची बेरीज स्वतः करा. पानांवर चीफ इन्स्ट्रक्टरची सही आणि शाळेचा शिक्का घ्या. अमेरिकेत शिक्क्याची फारशी पद्धत नाही, तरी आग्रह धरा.

इथे ईजीसीएवर अर्ज करताना एफएएचा परवाना, लॉगबुक, चालू क्लास वन, दहावी-बारावीची कागदपत्रं, पेपरांचे निकाल आणि अर्जाआधीच्या सहा महिन्यांतल्या स्किल टेस्ट लागतात. त्यांत दिवसाची व रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट आहे, आणि दिवसाची २५० व रात्रीची १२० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री. एफएएच्या चेकराइडमध्ये हे सगळं याच रूपात नसतं, त्यामुळे बरीच मुलं इथल्या फ्लाइंग क्लबमध्ये काही तास उडून या टेस्ट देतात. तेवढे पैसे आणि दोन-तीन महिने पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

चेकराइडनंतर मिळणारा कागदी परवाना १२० दिवसांचा असतो, कायमचं प्लॅस्टिक कार्ड टपालाने येतं. ज्यांचा पत्ता अमेरिकेबाहेरचा आहे त्यांना २०२५ पासून एफएएकडे अमेरिकेतला एक एजंट नोंदवावा लागतो, तेही तिथे असतानाच उरका. परवाना खरा आहे याची खातरजमा डीजीसीए एफएएकडून करून घेते. त्यासाठीचं पडताळणी पत्र ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए कार्यालयातून निघतं. त्याची विनंती कार्ड हातात पडेल त्याच दिवशी टाका, भारतात येऊन बॅग उघडल्यावर नव्हे.