डीएफच्या पाचव्या रकान्याचा भरवसा

डिस्क नव्वद टक्के भरली की इशारा देणारी एखादी शेल स्क्रिप्ट बहुतेक सर्व्हरवर चालू असते. डिस्कवरची भरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवायची, तिचे आउटपुट पाइपमधून ‘ऑक’ या ओळींचे रकाने वेगळे करणाऱ्या कमांडकडे सोडायचे आणि पाचव्या रकान्यातली टक्केवारी उचलायची, एवढेच तिचे काम, परंतु डीएफचा तक्ता माणसाने वाचण्यासाठी मांडलेला असल्यामुळे तो प्रत्येक यंत्रणेवर सारखाच निघेल, असे धरून चालता येत नाही.

लिनक्सवर डीएफ सहसा १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजते, मॅकवर ५१२ बाइटच्या, त्यामुळे तेवढीच जागा तिथे आकड्यात दुप्पट दिसते. शिवाय मॅकवरचा तक्ता मध्ये आयनोडचे, म्हणजे फाइलींच्या नोंदींचे, तीन रकाने घालतो आणि माउंटचे ठिकाण (फाइल सिस्टिम जिथे जोडली आहे तो पाथ) सहाव्यावरून नवव्या रकान्यात जाते. लिनक्सवर चालणाऱ्या ग्नूच्या जुन्या डीएफमध्ये तर डिव्हाइसचे नाव लांब असले की ओळच तुटे. यावर युनिक्ससारख्या यंत्रणांसाठीच्या पॉझिक्स मानकाने कॅपिटल ‘पी’ हा पर्याय दिला आहे: एका फाइल सिस्टिमला एकच ओळ आणि सहा ठरलेले रकाने. सोबत स्मॉल ‘के’ दिला की ब्लॉकही १०२४ बाइटचा ठरतो.

तरीही एक मेख उरतेच. मॅकवर ‘मॅप ऑटो_होम’ अशी ओळ आढळते. नावातच स्पेस असल्याने ऑकच्या लेखी तिथे एक रकाना वाढतो आणि पाचव्या जागी टक्क्यांऐवजी शून्य हाती येते. टक्क्याचे चिन्ह शोधत गेलो, तर त्याच ओळीत १०० टक्के सापडतात आणि खोटा इशारा जातो. म्हणून सगळा तक्ता चाळण्यापेक्षा डीएफला हवा तो पाथ द्यावा आणि फक्त दुसरी ओळ वाचावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहिली, म्हणजे शीर्षकाची ओळ शब्द पाहून गाळणेही टाळावे, कारण जर्मन लोकॅलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) तिथे ‘डाटाइझिस्टेम’ असे छापले जाते. लोकॅल ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ला ‘सी’ हे मूल्य दिले की भाषेचा प्रश्न मिटतो.

राहता राहिला अपयशाचा मुद्दा. पाइपलाइनचा एक्झिट स्टेटस (काम यशस्वी झाले की नाही हे सांगणारा आकडा) शेवटच्या कमांडचा असतो, त्यामुळे डीएफ फसली तरी ऑक रिकाम्या हाताने ‘यशस्वी’ ठरते. हे पकडणारा ‘पाइपफेल’ पर्याय पॉझिक्समध्ये २०२४च्या आवृत्तीत आला. जुन्या शेलवर तो मिळेलच असे नाही. तेव्हा टक्क्याचे चिन्ह काढल्यावर हाती आलेले मूल्य रिकामे नाही आणि त्यात अंकांखेरीज काही नाही, हे शेलच्या ‘केस’ने तपासावे आणि तसे नसेल तर स्क्रिप्टने तिथेच एरर देऊन थांबावे.