शंकूवरचं कानकोरणं

माझ्या आजोबांच्या करदोट्याला चांदीचं कानकोरणं असायचं. बारीक दांडी आणि टोकाला एका अंगाला वळलेली इवलीशी वाटी. युरोपातल्या पाइनच्या जंगलात अगदी तसल्याच आकाराची एक अळंबी उगवते. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 साली तिला नाव देताना लॅटिनमधला कानकोरण्याचाच शब्द घेतला. आज ती ऑरिस्कॅल्पियम व्हल्गेरे या नावानं ओळखली जाते.

ती मातीत नाही, पाइनच्या गळून पडलेल्या शंकूवर वाढते. शंकू बऱ्याचदा सुयांसारख्या पानांखाली गाडलेला असतो, त्यामुळे अळंबी जमिनीतूनच आल्यासारखी वाटते. उकरून बघितलं की शंकू सापडतो. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फार थोड्या जिवांना पचतं. हिचे तंतू शंकूत शिरून तेच पचवतात. टोपी जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, तपकिरी, आणि दांडी टोपीच्या मध्यावर नसून कडेला. दांडीवर मखमलीसारखी लव.

खरी गंमत टोपीच्या खाली आहे. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या दिसल्या, की मी मुलांना त्या उपटू देत नाही; खाली छोटा आरसा धरायला लावतो. बहुतेक छत्र्यांखाली वहीच्या पानांसारखे पापुद्रे असतात. ओंडक्यावरच्या कडक अळंबीला बारीक भोकं असतात. कानकोरण्याला यातलं काहीच नाही, तिथे दात लोंबतात. काम तिन्हींचं एकच. बीजाणू पृष्ठभागावर तयार होतात, म्हणून लहानशा टोपीत जास्तीत जास्त पृष्ठभाग बसवायचा. दात जमिनीच्या दिशेनं सरळ वाढतात, त्यामुळे सुटलेला बीजाणू मधल्या फटीतून अडखळल्याशिवाय खाली येतो आणि वाऱ्यावर जातो.

आपल्या सातारा जिल्ह्यात पाइनची नैसर्गिक जंगलं नाहीत. पाचगणीचा सिल्व्हर ओक उंच, सरळसोट असला तरी तो पाइनसारखा सूचिपर्णी, म्हणजे सुयांसारख्या पानांचा, नव्हे. ते ऑस्ट्रेलियातून आणून लावलेलं फुलझाड आहे. नुसत्या आकारावरून नातं ठरवलं की असं फसायला होतं.

अळंब्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञही बराच काळ असेच फसले. दात असलेल्या सगळ्या अळंब्या एका कुळातल्या समजल्या जात. डीएनए तपासल्यावर कळलं, की दात वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आले आहेत. कानकोरण्याचं जवळचं नातं निघालं ते रसुलाशी, म्हणजे खाली चांगले पापुद्रे असलेल्या ठिसूळ छत्रीशी.