डाय-कट लग्नकार्डं : ‘हाताने केलेलं’ हे ठरवायचं कुणी?

२०२५च्या मध्यास हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या सर्वांत मोठ्या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेने आपल्या नियमांतली एक अट कडक केली. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने घरी तयार केलेली वस्तू विकायची असेल, तर तिचं डिझाइन विक्रेत्याचं स्वतःचं असलं पाहिजे. लेझर आणि थ्रीडी प्रिंटरबरोबर घरगुती कटिंग मशीनचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लग्नाची आणि ब्रायडल शॉवरची (लग्नाआधी नवरीला भेटी देण्याच्या समारंभाची) कार्डं करणाऱ्यांना ही अट थेट जाऊन भिडते, कारण कार्डावरची जाळी, वेली, केकचे मजले, उघडी छत्री हे सगळं त्यांच्यातल्या पुष्कळजणी विकत घेतलेल्या डिझाइनच्या फाइलवरून कापतात. दांडा फिरवून चालवायच्या मशीनमध्ये दुकानातून आणलेली फुलाची डाय (कागदातून ठरावीक आकार कापणारा धारदार साचा) घातली, तर ही अट लागू होत नाही. तेच फूल फाइलवरून इलेक्ट्रॉनिक मशीनने कापलं, की लागू होते. दोन्ही फुलं एकाच कार्डावर शेजारीशेजारी चिकटवली, तर घेणाऱ्याला फरक सांगता येणार नाही.

हा गुंता समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं, पण फार नाही. डायचं तंत्र मुळात जोडे बनवणाऱ्यांचं. एकोणिसाव्या शतकात ठरावीक मापांचे तळ झटपट कापायला धारदार पोलादी साचे वापरात आले आणि तेच पुढे कागदाकडे वळले. कागदाची लेस त्याआधीची: १८३०च्या दशकात लंडनमध्ये कागदावर नक्षी दाबून उठवायची आणि उठलेला भाग घासून काढायचा, म्हणजे जाळी पडते, ही युक्ती हाती आली. १८४०मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि कार्डांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. जर्मनीतून रंगीत छापलेली, उठाव दिलेली आणि कापलेली चित्रं येत. एकमेकांना कागदी पट्ट्यांनी जोडलेले देवदूत, कबुतरं, गुलाब यांचे तक्तेच्या तक्ते, पहिलं महायुद्ध होईपर्यंत.

या काळातली एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात, १८४७मध्ये शिक्षण संपवून घरी आलेल्या एका तरुणीला इंग्लंडहून आलेलं नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड मिळालं. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. तिने लेसचा कागद आणि कापीव चित्रं मागवून नमुने केले. भावाने ते विक्रीच्या दौऱ्यावर नेले आणि परतताना अपेक्षेच्या कितीतरी पट मागणी आणली, असं सांगतात. मग घराच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणींना बसवून काम सुरू झालं. एकीने चित्रं कापायची, दुसरीने पाठीमागे रंगीत कागद लावायचा, तिसरीने चिकटवायचं. अमेरिकेत हाताने केलेल्या कार्डांचा इतिहास सांगताना सगळे सुरुवात इथूनच करतात. तिच्या कार्डावरचा जवळजवळ प्रत्येक आकार दुसऱ्या कुणाच्या तरी साच्यातून निघालेला होता, आणि एक कार्ड पुरं व्हायला अनेक हात लागत होते. पुढच्या सगळ्या वादांत हे दोन मुद्दे फिरून फिरून येतात.

ब्रायडल शॉवरची प्रथा त्यानंतरची. १८९०च्या दशकात ती अमेरिकी शहरांत रुळत होती, तेव्हा कागदी छत्रीत लहानसहान भेटी भरून ती नवरीच्या डोक्यावर उघडत. आजही शॉवरच्या डाय-संचांत छत्री दिसते, ती तिथून आली.

विसाव्या शतकाचा मोठा भाग ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. त्या काळात कार्ड ही कारखान्याची वस्तू झाली होती. नवं वळण आलं ते १९७७मध्ये कॅलिफोर्नियात, आणि तेही लग्नासाठी नव्हे. शाळेच्या फलकांसाठी कात्रीने अक्षरं कापत बसणाऱ्या शिक्षकांचे आणि पालकांचे कष्ट वाचावेत म्हणून एका कुटुंबाने हातदांड्याचं यंत्र बाजारात आणलं. लाकडाच्या ठोकळ्यात धारेची पोलादी पट्टी वळवून बसवलेली, भोवती स्पंज, कापलेला कागद बाहेर ढकलायला. १९८०नंतर युटा राज्यातून आठवणींचे अल्बम सजवण्याचा छंद पसरला. अशा अल्बमांच्या दुकानांत हे यंत्र आणि भिंतभर ठोकळे ठेवलेले असत. गिऱ्हाइकाने कागद घ्यायचा, तिथेच आकार कापायचे आणि घरी न्यायचे. २००१मध्ये त्याच घराण्यातलं छोटं, रंगीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर मावणारं मशीन आलं आणि डाय दुकानातून घरात आली.

लग्नकार्डांना खरा उपयोग झाला तो त्यानंतरच्या पातळ डायचा. लाकडी ठोकळ्यातल्या पट्टीला फार बारीक वळणं घेता येत नाहीत. आम्लाने कोरून काढलेल्या पत्र्याच्या डायला ती अडचण नाही. एकाच डायमध्ये लेसची कड, आतली जाळी आणि उठाव असं सगळं बसतं, आणि एकात एक मावणाऱ्या चौकटींचा संच अगदी हलका होतो. प्लेट, डाय, कागद, वर पुन्हा प्लेट, असं रचून रोलरमधून काढायचं. नक्षी नीट कापली गेली नाही, तर मध्ये एक कागद जास्त घालून दाब वाढवायचा. खरा वेळ लागतो तो कामाच्या पुढच्या भागाला: जाळीतले बारीक तुकडे सुईने काढणं, मागे वेलम (अर्धपारदर्शक कागद) किंवा मोतिया रंगाचा कागद लावणं, फोमच्या टिकल्यांवर थर उचलणं, रिबन बांधणं. शंभर पाहुण्यांची पत्रिका असेल तर हेच शंभर वेळा.

इथे मतभेद सुरू झाले. कात्रीने किंवा कटरने कापणाऱ्या जुन्या मंडळींचं म्हणणं होतं की साच्यातून काढलेला आकार हातचा कसा? माझ्या मते हा आक्षेप टिकत नाही. कातण बाजारातून आणलं म्हणून करंजी विकतची ठरत नाही. कार्डाचं काम कागद निवडण्यात, थर रचण्यात, रंग जुळवण्यात आणि चिकटवण्यात आहे. आणि हा आक्षेप मानायचा, तर वूस्टरच्या त्या पहिल्या कार्डांनाही यादीतून काढावं लागेल.

त्याहून अवघड प्रश्न विक्रीचा होता. डायचा आकार कंपनीचा, कार्ड तुमचं, मग विकण्याचा हक्क कुणाचा? रबरी शिक्के विकणाऱ्या कंपन्यांनी यावर आधीच एक वाट पाडली होती, तिला ‘एंजल पॉलिसी’ म्हणतात. आमच्या साहित्याने केलेलं कार्ड विका, पण प्रत्येक ठसा हाताने उठवलेला हवा, छापून किंवा झेरॉक्स काढून नको. डाय विकणाऱ्यांनी तीच वाट धरली. काहींनी कापलेले सुटे आकार विकायला मनाई केली, काहींनी पगारी माणसं लावून करायला. या शेवटच्या अटीने वूस्टरचा वरचा मजलाही बाद झाला असता.

सगळ्यात मोठा वाद मात्र २०१३चा. ब्रुकलिनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या, वर उल्लेख केलेल्या त्याच बाजारपेठेची ओळखच अशी होती की हाताने केलेली वस्तू, वीस वर्षांहून जुनी वस्तू किंवा कलेचं साहित्य, एवढंच तिथे विकायचं. विक्रेत्यानेच वस्तू करायची, मदत घ्यायची ती मर्यादित. २०१२मध्ये तिथे ठळकपणे झळकवलेल्या एका फर्निचर विक्रेत्याचा माल खरोखर कुठे बनतो यावरून विक्रेत्यांनी मोठा आवाज उठवला होता. ऑक्टोबर २०१३मध्ये कंपनीने व्याख्याच बदलली. आता हवी तेवढी माणसं कामाला ठेवा, मंजुरी घेऊन बाहेरच्या कारखान्याकडून बनवून घ्या, माल पाठवण्याचं कामही दुसऱ्याकडून करून घ्या. कल्पना तुमची हवी, जबाबदारी तुमची हवी आणि कोण काय करतं ते उघड सांगितलेलं हवं.

कंपनीची बाजू अगदीच चुकीची नव्हती. दुकान चाललं की एकटीच्या हातून मागणी पुरी होत नाही, आणि लग्नसराईत तर नाहीच. ज्या बाईकडे जूनसाठी दीडशे कार्डांची मागणी आली, तिला मदतनीस ठेवला म्हणून बाजारातून बाहेर काढणं हा अन्यायच होता. पण मदतनीस आणि कारखाना यांना एकाच दरवाजाने आत घेतलं, तिथे घोळ झाला. कारखान्यातल्या मोठ्या डायखाली एका दाबात कागदांचा गठ्ठा कापला जातो. घरच्या रोलरमधून एका वेळी एक, फार तर दोन कागद जातात. शोधाच्या पानावर दोन्ही कार्डं एकाच नावाखाली दिसू लागली, आणि किमतीच्या स्पर्धेत घरचं कार्ड मागे पडणार हे उघड होतं. तेव्हा बाहेर पडलेल्या विक्रेत्यांची तक्रार मला आजही रास्त वाटते. मोठं व्हायचं स्वातंत्र्य द्यायला हरकत नव्हती, पण स्वतःच्या हाताने करणाऱ्यांसाठी वेगळी खूण ठेवायला हवी होती. दीड वर्षाने, एप्रिल २०१५मध्ये, कंपनी शेअर बाजारात गेली. या दोन घटना जोडून बघायच्या की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत.

दरम्यान डायची जागा ब्लेड घेत होतं. इलेक्ट्रॉनिक कटिंग मशीनं २०००च्या दशकाच्या मध्यापासून घरांत आली. सुरुवातीला आकार साठवलेली कार्ट्रिज वेगळी विकत घ्यावी लागत, पुढे सगळं ऑनलाइन सॉफ्टवेअरवर गेलं. मार्च २०२१मध्ये यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने जाहीर केलं की सदस्यवर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची फक्त वीस डिझाइनं त्यावर अपलोड करता येतील. मशीनसाठी आधीच शेकडो डॉलर मोजलेल्या लोकांचा संताप उसळला, हजारो सह्यांचं निवेदन गेलं आणि काही दिवसांतच निर्णय पूर्ण मागे घेतला गेला. त्याच महिन्यात ही कंपनीही शेअर बाजारात उतरली. ही माघार त्या लोकांनी मिळवलेली आहे. पत्र्याची डाय एकदा घेतली की तुमची. तिच्यावर कुणी महिन्याचा हिशेब ठेवत नाही. २०२१नंतर बऱ्याच कार्डकर्त्या हातदांड्याच्या मशीनची बाजू घेताना हेच कारण पुढे करतात.

२०२४च्या जुलैत बाजारपेठेने वस्तूंना चार खुणा दिल्या: विक्रेत्याने केलेली, विक्रेत्याने डिझाइन केलेली, निवडलेली आणि मिळवलेली. म्हणजे २०१३ला जी वेगळी खूण हवी होती, ती अकरा वर्षांनी आली. त्यात २०२५च्या अटीची भर पडली. तिचा रोख एकच फाइल उतरवून हजारोंनी माल काढणाऱ्यांवर आहे, आणि तो योग्यच आहे. पण लग्नकार्ड करणारी बाई त्यात भरडली जाते. तिची फाइल विकतची असली तरी नवरा-नवरीची नावं, तारीख, थरांची रचना, मोती आणि गाठी या तिच्याच असतात.

आपल्याकडे डाय-कट म्हटलं की आधी छापखाना आठवतो. लग्नपत्रिकेच्या दर्शनी बाजूला पंच मारून काढलेला गणपती, खिडकीतून दिसणारी नावं, अलीकडची लेझरने कापलेली जाळीची पाकिटं. हे सगळं पत्रिकावाल्यांकडे होतं आणि ते कुणी हातचं म्हणत नाही. घरी करणाऱ्यांची वाट वेगळी, ती रुखवतातून आली. केळवण आता हॉलवर किंवा बागेत होऊ लागलं, तसं त्याला निमंत्रण, नावाच्या चिठ्ठ्या, भेटीच्या पिशवीवरचं लेबल असं सगळं आलं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तर केळवण आणि शॉवर एकाच मोसमात, कधी एकाच मुलीसाठी होतात. डाय-मशीन भारतातही ऑनलाइन मिळू लागल्यापासून नथ, कलश, तोरण, मुंडावळ्या अशा आकारांची मागणी वाढते आहे, आणि परदेशी संचांत ते नसल्याने इलेक्ट्रॉनिक मशीनवर स्वतः काढून कापणाऱ्याही आहेत. नव्या अटीत त्या सहज बसतात.

अडचण येते ती मापांची. अमेरिकी डाय तिथल्या कागदावर बेतलेल्या असतात. साडेआठ बाय अकरा इंचाचा कागद अर्धा करून दुमडला की साधारण १०८ बाय १४० मिलिमीटरचं कार्ड होतं. आपल्या ए-फोरचं तसंच केलं तर १०५ बाय १४८. तिथल्या मापाची चौकट आपल्या कार्डावर रुंदीला बाहेर येते आणि उंचीला आठ मिलिमीटर कमी पडते. म्हणून कार्डच तिथल्या मापाने कापावं लागतं आणि पाकीट घरी करावं लागतं. पुण्यात १९४०पासून बनत आलेला हातकागद या कामाला सुंदर दिसतो, पण त्याची जाडी जागोजागी बदलते आणि धागे लांब असतात. बारीक जाळीची डाय त्यात अर्धवट कापते. त्यावर साधी, मोठ्या वळणांची डाय वापरावी, कागद दोनदा रोलरमधून काढावा, आणि लेस हवीच असेल तर ती गुळगुळीत कार्डस्टॉकमध्ये (कार्डाच्या जाड कागदात) कापून हातकागदावर चिकटवावी.