बालहत्या प्रतिबंधक गृह, पुणे

वैधव्यानंतर दिवस गेलेल्या स्त्रियांनी गुपचूप बाळंत व्हावे आणि मूलही जगावे, यासाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या आवारात चालविलेले गृह. मूल न्यायचे की तेथेच ठेवायचे, हे आईच्या मर्जीवर होते. तशी छापील पत्रके ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना डकवली होती.

स्थापनेचे वर्ष चरित्रांत सहसा १८६३ दिले जाते. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणावर ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी कारण सांगितले आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेला शेजारच्या शास्त्र्यापासून दिवस गेले. औषधे घेऊनही गर्भ पडला नाही. मुलगा झाला, तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला संपताच गृह उघडले, असे जोतीराव लिहितात. स्थापना अशी खटल्याला बांधलेली असल्याने ‘१८६३ च्या सुमारास’ म्हणणे अधिक बरे.

फुले दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतलेल्या यशवंतच्या आईचे नावही काशीबाई. लोकप्रिय लेखनात दोघींची गल्लत होते. ती टिकत नाही: एकीचे मूल विहिरीत गेले आणि ती काळ्या पाण्यावर, दुसरीचे मूल जगले.

बाळंतपणानंतरच्या आयुष्याला कायद्याची चौकट विचित्र होती. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाह करता येई, पण नवऱ्याकडून आलेल्या मिळकतीवर पाणी सोडावे लागे. उलट मणिराम कोलिता खटल्यात (१८८०) प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने), एकदा हाती आलेली मिळकत पुढील ‘व्यभिचारा’मुळे जात नाही, असे ठरविले. मिळकतीपुरते पाहता लग्नाबाहेरच्या मुलापेक्षा दुसरे लग्नच महाग पडे. मात्र घर तोडत असे ते जातीचा बहिष्कार, आणि त्याच भीतीने बाया गर्भ पाडण्याची औषधे घेत. १८८४ पर्यंत ३५ विधवा येथे बाळंत झाल्या. ३० मुले दगावली, ५ जगली. मुले पोटात असताना औषधांनी झालेली इजा हेच मृत्यूंचे कारण जोतीराव देतात; मात्र तो त्यांचा अंदाज आहे.

यशवंत डॉक्टर झाला. १८८९ मध्ये ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे ब्राह्मण पुरोहिताविना, झाले. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना लागण होऊन १० मार्च रोजी त्या वारल्या. पंढरपुरात १८७५ मध्ये याच हेतूने दुसरे गृह निघाले.