कृत्रिम पाऊस आणि सौर भूअभियांत्रिकी: दोन वेगळे प्रश्न

निफाड-दिंडोरी भागात ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले, की केवडा या बुरशीरोगाच्या धास्तीने द्राक्षबागांत औषध फवारणारे ब्लोअर सुरू होतात आणि ‘हे विमानातून काहीतरी फवारतात’ हा संशयही गप्पांत डोके वर काढतो. सौर भूअभियांत्रिकीची, म्हणजे थोडा सूर्यप्रकाश परतवून पृथ्वी थंड करण्याच्या कल्पनेची, बातमी तिथे पोहोचली, की ती कृत्रिम पावसाच्याच खात्यावर जमा होते.

विमान आणि फवारा सोडला, तर दोन्हींत फारसे साम्य नाही. कृत्रिम पावसासाठी पाणी धरलेला ढग आधी असावा लागतो; त्यात सिल्व्हर आयोडाइडचे किंवा क्षारांचे कण सोडून पाऊस वाढवायचा आणि परिणाम काही तासांत, आसपासच्याच भागात संपतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या सोलापुरातील प्रयोगांत ही वाढ सरासरी 18 टक्के आढळली.

सौर भूअभियांत्रिकीत पाऊस हा हेतूच नसतो. सुमारे 20 किलोमीटर उंचीवर गंधकयुक्त कण पसरवून एक-दोन टक्के सूर्यप्रकाश परतवायचा, अशी ती कल्पना आहे. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने असेच घडून जगाचे तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. कण वर्षभराहून अधिक काळ टिकतात, देशांच्या सीमा पाळत नाहीत, आणि फवारणी अचानक थांबली तर दबलेली तापमानवाढ झपाट्याने उसळते, कारण कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच असतो. (ऊन कमी झाले तर द्राक्षघडात साखर कशी भरेल, ही बागाईतदाराची शंका रास्त आहे, पण मोसमी पावसाचा पट्टा सरकण्याची शक्यता त्याने अधिक मनावर घ्यावी.)

लोकमतही म्हणूनच निराळे वाचावे लागते. कृत्रिम पाऊस राज्याने 2003, 2015 आणि 2019 मध्ये करून पाहिला, त्यामुळे इथले मत, कडवट असले तरी, अनुभवाचे आहे. सौर भूअभियांत्रिकीचे नाव मात्र अनेकांनी पाहणीच्या प्रश्नावलीतच प्रथम ऐकलेले असते. 30 देशांतील 30 हजारांहून अधिक लोकांच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विकसनशील देशांत पाठिंबा श्रीमंत देशांपेक्षा जास्त दिसला. माझ्या मते, उन्हाची झळ सोसणाऱ्याचा हा होकार संशोधनाला असेल. त्याला वापराची परवानगी समजणे घाईचे ठरेल.

विरोधाचे कारणही केवळ रसायनांची भीती नसते. स्वीडनमधील किरुना येथे हार्वर्डच्या गटाला 2021 मध्ये फक्त उपकरणांची चाचणी घ्यायची होती, कण सोडायचेही नव्हते; तरी आपल्याला विचारलेच नाही, असा आक्षेप सामी आदिवासींच्या परिषदेने घेतला आणि चाचणी थांबली. कृत्रिम पाऊस फसला तर नाशिकचा शेतकरी मंत्रालयाला जाब विचारू शकतो. जगभराचे ऊन कमी करणाऱ्याला जाब विचारण्यासाठी असे एकही कार्यालय आज अस्तित्वात नाही.